कोल्हापुरात ट्रायथलॉनसाठी वस्ताद शोधताना

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत ट्रायथलॉन करायचे मी मनाशी ठरवले, तेव्हा तीन गोष्टींपैकी एकच मला धड येत होती आणि ती म्हणजे पळणे. दोन अर्धमॅरेथॉन झाल्या होत्या, गुडघे शाबूत होते आणि बँकेतल्या नोकरीमुळे पहाटे साडेपाच ते साडेसात एवढे दोनच तास माझे स्वतःचे होते. सायकल शाळा सुटल्यापासून हातात घेतली नव्हती. पोहायला मी आजोळी, शिरोळ तालुक्यातल्या एका विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकले होते. ते पोहणे म्हणजे डोके पाण्याबाहेर ठेवून बेडकासारखे हातपाय मारणे होते. त्याने मी बुडले नसते, पण कुठे पोहोचलेही नसते. वयाच्या ४२ व्या वर्षी एवढ्या शिदोरीवर हा खेळ सुरू करायचा, तर कोणीतरी शिकवणारे हवे, हे मला कळत होते. ते कोठे शोधायचे, हे मात्र अजिबात कळत नव्हते.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी पोहायचे, पाण्यातून बाहेर येऊन सायकल चालवायची, सायकल ठेवून पळायचे आणि या तिन्हींमध्ये घड्याळ थांबत नाही. सगळ्यांत लहान रूढ अंतर म्हणजे स्प्रिंट. त्यात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणे असते. त्याच्या दुप्पट अंतराला ऑलिंपिक अंतर म्हणतात, कारण २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो याच अंतरांनी. आपल्याकडे ज्याच्या नावाचा गवगवा अधिक, ते आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन. हे सगळे साधारणपणे १७ तासांच्या आत संपवावे लागते. त्याचे निम्मे अंतर गोव्यात २०१९ पासून होऊ लागले आणि घाट उतरले की गोवा, त्यामुळे कोल्हापुरात ट्रायथलॉन हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘गोवा कधी?’ मला त्या वेळी २५ मीटरचा तलाव एका दमात पार होत नव्हता.

चौकशी सुरू केल्यावर माझ्या लक्षात आले की ‘ट्रायथलॉनचा कोच कोण?’ हा प्रश्नच या गावात फारसा उपयोगाचा नाही. पोहणाऱ्यांना विचारले की ते म्हणत, पोहणे पक्के करा, बाकी सगळे आपोआप होते. सायकलवाले म्हणत, स्पर्धेतला निम्म्याहून अधिक वेळ सायकलवर जातो, त्यामुळे आमच्याकडे या. पळणाऱ्यांचे मत असे, की शेवटी पळताना जो टिकतो तोच खरा. हे भांडण काही नवे नाही. १९७८ साली हवाईत पहिला आयर्नमॅन झाला तो मुळात याच वादातून, की पोहणारा, सायकल चालवणारा आणि पळणारा यांत खरा तंदुरुस्त कोण. जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यतींची अंतरे एकापुढे एक जोडली, १५ जण निघाले आणि १२ जणांनी ती पुरी केली. वाद अजून मिटलेला नाही, एवढे मी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून खात्रीने सांगू शकते.

या गोंधळात मला वाट दाखवली ती आमच्या आबांनी. आबा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी ते तालमीत होते आणि खासबाग मैदानात लढल्याची आठवण ते अजूनही पाहुण्यांना सांगतात. ट्रायथलॉन म्हणजे काय हे मी त्यांना समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘पोहायचं, सायकल मारायची, परत पळायचं. आणि हे सगळं एकाच दिवशी? कुणी सांगितलंय?’ मी हसले. मग मात्र ते गंभीर होऊन म्हणाले, ‘हे बघ, तालीम बघायला गेल्यावर पहिल्या दिवशी हौद्यात उतरू नये. नुसतं कडेला बसावं. वस्ताद जिंकणाऱ्या गड्याकडं बघतोय का दम लागून बसलेल्या पोराकडं बघतोय, ते बघावं. मग ठरवावं.’

पुढचे काही महिने मी हेच करत फिरले. एखाद्या गटाचे नाव किती मोठे, त्यांच्याकडे पदके किती, समाजमाध्यमांवर छायाचित्रे किती हे सगळे बाजूला ठेवून, सर्वांत मागे असलेल्या माणसाकडे तिथे कोणाचे लक्ष आहे का, एवढेच पाहायचे. ही कसोटी दिसायला साधी आहे, पण तिने माझा बराच वेळ वाचवला. जिथे मी ती विसरले, तिथे मला त्याची किंमतही मोजावी लागली.

पोहण्यापासून सुरुवात करणे भाग होते, कारण नवख्या माणसाचा जीव घाबरतो तो पाण्यातच. कोल्हापूर हे पोहणाऱ्यांचे गाव आहे. पंचगंगेच्या घाटावरून सूर मारणारी माणसे इथे घरटी एक तरी निघतात, रंकाळ्याशेजारच्या अंबाई टँकमध्ये कितीतरी पिढ्या हातपाय मारायला शिकल्या, आणि वीरधवल खाडे याच गावचा. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला गेला आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक त्याने आणले. परंतु या सगळ्याचा चाळिशी उलटलेल्या नोकरदार बाईला थेट उपयोग होतोच असे नाही. मी ज्या पहिल्या तलावावर गेले, तिथली महिलांची बॅच बँक उघडण्याच्या वेळेला होती. रजा टाकून एक दिवस गेले, तर तिथल्या प्रशिक्षकांनी मला एक फेरी मारायला लावली आणि म्हणाले, ‘मॅडम, तुम्हाला येतंय की पोहायला. आता आणि काय शिकायचं?’ त्यांचेही चुकले म्हणता येणार नाही. बुडू नये एवढे शिकवणे हे त्यांचे काम होते आणि ते विहिरीने आधीच केलेले होते.

दुसऱ्या एका तलावावर मी सलग तीन दिवस पहाटे पायऱ्यांवर नुसती बसले. तिथे ९ ते १४ वर्षांच्या मुलांचा स्पर्धेसाठी सराव चाले. सहा लेनमध्ये मुले ये-जा करत होती, पहिल्या लेनमधली दोन मुले माशासारखी सळसळत जात होती, आणि प्रशिक्षक मात्र शेवटच्या लेनच्या काठाने, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एका लठ्ठशा मुलाच्या वेगाने चालत होते. त्या मुलाने श्वास घ्यायला तोंड वळवले की ते स्वतःचे कोपर हाताने वर उचलून त्याला दाखवत. बोलणे काही नाही. मुलगा पुढचा हात मारताना कोपर थोडे वर ठेवी, दोन हातांनंतर विसरे, पुढच्या श्वासाला ते पुन्हा दाखवत. चाळीस मिनिटांत त्यांनी हे किती वेळा केले असेल ते मी मोजलेले नाही. पण तिसऱ्या दिवशी मी खाली उतरून त्यांना भेटले.

त्यांनी मला आधीच सांगितले, ‘मी ट्रायथलॉनचा कोच नाही. मी पोहणं शिकवतो.’ हे उत्तर मला फार आवडले. सहा वाजता शेवटच्या लेनमध्ये, माझ्या मुलाहून लहान असलेल्या मुलांच्या मागे त्यांनी मला घातले आणि पहिले दोन आठवडे फक्त श्वास सोडायला शिकवले. बहुतेक प्रौढ माणसे पाण्यात श्वास रोखून धरतात आणि तोंड बाहेर काढल्यावर घाईघाईने सोडणे आणि घेणे ही दोन्ही कामे एकदम करू पाहतात, त्यामुळे चार हातांतच दम लागतो. पाण्याखाली बुडबुडे सोडत राहायचे आणि तोंड बाहेर आले की फक्त आत घ्यायचा, ही एवढी गोष्ट जमल्यावर माझे डोके खाली राहू लागले, डोके खाली राहिल्यामुळे पाय वर आले आणि पाय वर आल्यामुळे मी पहिल्यांदा पाणी कापत पुढे सरकले. सुरुवातीला २५ मीटरला मला ३४ हात लागत होते, मे महिन्यात ते २५ वर आले. ऑलिंपिक अंतरासाठी अशा ६० फेऱ्या, स्प्रिंटसाठी ३०. आकडा डोळ्यांसमोर असला की रोजच्या चार-दोन फेऱ्यांच्या वाढीलाही अर्थ येतो.

तरीही निव्वळ पोहण्याच्या गटाची एक मर्यादा असते. तिथला सराव ५० आणि १०० मीटरच्या शर्यतींसाठी आखलेला असतो, पायांच्या किकवर भर फार असतो आणि दर दोन फेऱ्यांनंतर विश्रांती असते. ट्रायथलॉनला पाण्यात पाय खर्च करून चालत नाही, कारण पुढे त्याच पायांनी सायकल मारायची आणि पळायचे असते. माझ्या प्रशिक्षकांना मी हे दबकत सांगितले, तेव्हा त्यांनी मनावर घेऊन माझ्यासाठी विश्रांतीशिवायच्या ४०० मीटरचा वेगळा सराव आखला आणि दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायची सवय लावली, कारण उघड्या पाण्यात ऊन किंवा लाटा एका बाजूने आल्या तर दुसरी बाजू कामी येते. आपली गरज विचारल्यावर चिडत नाही, तो प्रशिक्षक धरून ठेवावा.

उघड्या पाण्यात मात्र मी घाई केली. एका गटाचे नाव बऱ्याच जणांनी घेतले होते, त्यांतल्या काही जणांनी गोवा केले होते, आणि ते रविवारी शहराबाहेरच्या एका तलावात पोहायला जाणार होते. कडेला बसून पाहायचा नियम मी त्या दिवशी मोडला. पहाटे सव्वासहाला आम्ही १४ जण काठावर उभे होतो. पुढाकार घेणारे गृहस्थ ‘त्या पलीकडच्या झाडापर्यंत’ एवढे म्हणाले आणि पाण्यात शिरले. पोहण्याच्या तलावात तळाला असते तशी काळी रेघ नाही, पाणी गढूळ, स्वतःचा पुढे गेलेला हात दिसत नाही. मी सरळ जाते आहे असे मला वाटत होते आणि डोके वर काढल्यावर झाड डावीकडे गेलेले होते. दीडशे मीटरवर कुठेतरी पाण्यातले गवत पायाला लागले आणि छातीत धडधड सुरू झाली. शिकवलेला श्वास विसरला. उताणी होऊन मी आकाशाकडे पाहत राहिले. मान वळवली तर सगळ्या टोप्या लांब पुढे गेलेल्या, मागे कोणी नाही, होडी नाही, काठावर उभे असलेले माणूस नाही.

पाहणारा एकच होता. उजव्या काठाला एक पोरगा म्हशी धूत होता, तो मोठ्याने ओरडला, ‘काकू, इकडं या, इकडं उथळ हाय!’ त्याच्या आवाजाच्या रोखाने मी विहिरीतले जुने बेडूक-पोहणे पोहत गेले आणि गुडघाभर चिखलात उभी राहिले. मंडळी परत आली तेव्हा गृहस्थ म्हणाले, ‘पहिल्यांदा सगळ्यांना होतं असं.’ ते खरेही असेल. पण पाण्यात शिरताना १४ होते आणि बाहेर येताना किती आहेत, हे त्यांनी मोजले नव्हते, मी म्हशींच्या पलीकडून चालत येईपर्यंत मी नाही हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. त्या गटात मी पुन्हा गेले नाही.

नंतर ज्या मंडळींबरोबर मी उघड्या पाण्यात उतरू लागले, त्यांची पद्धत सांगते म्हणजे फरक लक्षात येईल. त्यांच्यात उतरण्याआधी प्रत्येकाच्या हातावर मार्करने क्रमांक लिहितात आणि बाहेर येताना तो मोजून घेतात. कमरेला भडक नारिंगी रंगाचा फुगा दोरीने बांधलेला असतो, तो मागे तरंगत येतो, दुरून दिसतो आणि दम लागला तर धरायला होतो. नवखे काठाला समांतर पोहतात, तलावाच्या मध्यात जात नाहीत. दर सात-आठ हातांनी डोळे पाण्याच्या जरासे वर काढून काठावरची एखादी ठळक खूण पाहायची, याला साइटिंग म्हणतात, आणि त्याचा सराव आधी पोहण्याच्या तलावात करून घेतात. उतरायची परवानगी आहे का, हे ते आधी विचारून येतात. यातली एकही गोष्ट खर्चाची नाही.

सायकलच्या गटांची कोल्हापुरात वाण नाही. रविवारी पहाटे शिवाजी पुलावर उभे राहिले तर पन्हाळ्याच्या दिशेने जाणारे निदान दोन-तीन जथे दिसतातच. केर्लीपर्यंत रस्ता सोपा आहे, वाघबीळ सोडल्यावर चढ सुरू होतो आणि तिथे प्रत्येकाची खरी ओळख पटते. बाई माणसाला अंधारात एकटीने या रस्त्याला जाणे नकोसे वाटते, त्यामुळे माझ्यासाठी गट ही हौस नव्हती, गरज होती. त्यातून उसाचा हंगाम असला तर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेले असतात, मोळीतून निसटलेली उसाची कांडी रस्त्यात पडलेली असतात, आणि एकट्या सायकलस्वारापेक्षा दिवे लावलेला दहा जणांचा जथा ट्रॅक्टरवाल्याला लवकर दिसतो. हंगामात मी सूर्य वर आल्याशिवाय निघत नाही, मग मिसळीला उशीर झाला तरी चालेल.

पहिल्या गटात ‘कोणी मागे राहिलं तर वाघबीळला थांबू’ असे ठरले होते. माझे मागचे चाक वाघबीळच्या अलीकडेच बसले. हायब्रीड सायकल दिराची, उसनी आणलेली, मला त्यातले काही कळत नव्हते. पुढे जाऊन एका पंक्चरवाल्याला गाठले, तर त्याच्याकडचा पंप त्या ट्यूबला लागेना, कारण बऱ्याच गिअरच्या सायकलींना प्रेस्टा नावाचा बारीक वॉल्व असतो आणि आपल्या नेहमीच्या पंपाचे तोंड त्याला बसत नाही. वाघबीळला थांबायचे ठरवलेले सगळे तोपर्यंत पन्हाळ्यावर पोहोचून चहा घेत होते. थांबले होते ते एकच, दुसऱ्याच गटातले, साठी ओलांडलेले एक निवृत्त एसटी चालक. त्यांनी सायकल उलटी केली, मला हात लावू दिला पण स्वतः लावला नाही. टायर काढायची लिव्हर टायरच्या कडेखाली घालून ती चाकाच्या तारेला (स्पोकला) अडकवायची, दुसरी थोड्या अंतरावर घालून ओढायची, ट्यूब बाहेर काढायची आणि नवी घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा आहे का पाहायचे. बाभळीचा काटा सापडला. ‘हा राहिला असता तर दुसरी ट्यूबपण गेली असती,’ एवढेच ते म्हणाले आणि पितळेचे एक छोटे बोंडूक माझ्या हातावर ठेवले, जे प्रेस्टावर फिरवून बसवले की नेहमीच्या पंपानेही हवा भरता येते. पुढच्या रविवारी मी त्यांच्या गटात गेले आणि अजून तिथेच आहे.

एक गोष्ट मात्र सायकलचा कोणताही गट शिकवणार नाही. गटात आपण पुढच्याच्या चाकामागे राहतो, वारा तो खातो आणि आपले कष्ट वाचतात. ऑलिंपिकमधल्या खेळाडूंना हे चालते, परंतु आपल्यासारख्या वयोगटातून उतरणाऱ्यांच्या बहुतेक स्पर्धांत चालत नाही. आयर्नमॅनच्या नियमांत वयोगटातल्या खेळाडूंना दोन सायकलींमध्ये १२ मीटर अंतर ठेवावे लागते आणि ते मोडले तर वेळेचा दंड बसतो. त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी मी गटाबरोबर निघते आणि परतताना मुद्दाम सगळ्यांच्या मागे, वारा अंगावर घेत एकटी येते. सुरुवातीला त्यांना वाटले मी दमले आहे.

पळण्याच्या गटांबद्दल मी फार लिहीत नाही, कारण ते शोधावे लागत नाहीत. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात पहाटे जा, कोणी ना कोणी तुम्हाला ओढून घेईल. एवढेच पाहावे की तो गट मॅरेथॉनच्या हंगामापुरता जमतो आणि नंतर पांगतो, की वर्षभर येतो. आणि तिथे सावकाश पळण्याला किंमत आहे की नाही. बोलता बोलता पळता येईल अशा गतीने आठवड्यातला बराचसा सराव व्हायला हवा, हे ज्यांना मान्य नाही, त्यांच्याबरोबर रोज शर्यत लागते आणि उरलेल्या दोन खेळांसाठी अंगात काही शिल्लक राहत नाही.

तीन ठिकाणी तीन गट मिळाले, तरी तिन्ही एकत्र शिवणारे कोणी नव्हते. ते मला सापडले पुन्हा पोहण्याच्या तलावाच्या पायऱ्यांवरच. शेवटच्या लेनमधल्या एका मुलीची आई मला रोज पाहत होती, एक दिवस तिने विचारले, ‘तुम्ही ट्रायथलॉनसाठी करताय का?’ ती स्वतः दोन वर्षे हे करत होती. त्यांचा सहा-सात जणांचा गट आहे, त्याला नाव नाही, फक्त व्हॉट्सॲपवर एक चौकट आहे. एक डॉक्टर, एक इंजिनिअर, दोन शिक्षिका असे लोक. ते पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी विद्यापीठाच्या बाजूला जमतात आणि सायकल चालवून लगेच पळतात, ज्याला ब्रिक म्हणतात. मी पहिल्यांदा २० किलोमीटर सायकल चालवून उतरले आणि पळू लागले, तेव्हा दोनशे बैठका मारून जिना उतरावा तसे माझे झाले. पाचएक मिनिटांनी पाय माझे ऐकू लागले. हे एकदा अनुभवले नसते, तर स्पर्धेच्या दिवशी मला वाटले असते की काहीतरी बिघडले.

त्याच मंडळींनी मला बदलाचा, म्हणजे एका खेळातून दुसऱ्यात जाण्याचा, सराव करवला. एका बाजूला सायकल लावायची, हँडलवर हेल्मेट ठेवायचे, ओल्या अंगाने धावत यायचे आणि निघायचे. मी धावत आले, सायकलला हात घातला आणि डॉक्टरबाई शिट्टी वाजवून म्हणाल्या, ‘दंड!’ हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लागल्याशिवाय सायकल जागेवरून हलवायची नाही आणि परत आल्यावर सायकल जागेवर लावल्याशिवाय तो सोडायचा नाही, हा नियम मी वाचलेला होता. पण वाचलेले हातात उतरायला मला चार शनिवार लागले.

मध्यंतरी एक महिना मी पुण्याच्या एका प्रशिक्षकाकडून ॲपवर आराखडा घेऊन पाहिला. काम चोख होते. हृदयाच्या ठोक्यांप्रमाणे रोजचा सराव ठरलेला, झाला की हिरवा रंग, चुकला की लाल. माझ्या घड्याळातला प्रत्येक आकडा त्यांना दिसत होता, परंतु पाण्यात माझे कोपर पडते आहे हे घड्याळाला दिसत नव्हते, आणि मार्चअखेरीच्या आठवड्यात बँकेत रात्रीचे नऊ वाजतात हे आराखड्याला ठाऊक नव्हते. ज्यांचे तंत्र आधी बसलेले आहे आणि ज्यांना मोठे अंतर गाठायचे आहे, त्यांनी हा मार्ग जरूर धरावा. नवख्याला मात्र आधी काठावर उभे राहून पाहणारा माणूस लागतो.

प्रमाणपत्रांचा प्रश्न मला बरेच जण विचारतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतलेले पोहण्याचे आणि ॲथलेटिक्सचे प्रशिक्षक असतात, ट्रायथलॉनच्या जागतिक संघटनेचेही प्रशिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम आहेत, आयर्नमॅनचा स्वतःचा वेगळा आहे. कोणाकडे यांपैकी काही असेल तर चांगलेच, आणि विचारायला संकोच करू नये. पण मी त्याच्या जोडीने आणखी दोन प्रश्न विचारते: तुमच्यापैकी कोणाला बुडणाऱ्याला बाहेर काढून छाती दाबायचे शिक्षण आहे का, आणि गेल्या वर्षी सोडून गेलेले लोक का गेले? दुसऱ्या प्रश्नाला मिळणारे उत्तर फार बोलके असते. शिवाय फी तीन महिन्यांची एकदम मागत असतील, तर आधी एक महिन्याची देऊन पाहते. आणि हे सगळे सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन हृदयाची तपासणी करून घ्यावी, विशेषतः चाळिशीनंतर. मला आमच्या गटाने ती करूनच यायला सांगितले होते.

गोव्याचा विषय अजून निघतो. मी सरळ सांगते की यंदा स्प्रिंट करणार आहे, आणि कोल्हापुरातच ‘लोहपुरुष’सारखी स्पर्धा होत असताना पहिल्याच वर्षी घाट उतरायची मला घाई नाही. सध्याचा माझा आठवडा असा आहे: तीन दिवस पोहणे, दोन दिवस पळणे, रविवारी एसटीवाल्या काकांबरोबर पन्हाळा, आणि पंधरवड्यातून एक शनिवार ब्रिक. पावसाळ्यात उघडे पाणी पूर्ण बंद. पंचगंगा फुगली की ते तसेही आपल्या हातात नसते.

गेल्या महिन्यात आबा म्हणाले, ‘तुझा वस्ताद बघायचाय.’ मी त्यांना पहाटे तलावावर घेऊन गेले. ते पायऱ्यांवर काठी टेकून तासभर बसले. मी ४०० मीटर न थांबता पोहून दाखवले, ते त्यांनी पाहिले की नाही शंका आहे, कारण मी प्रत्येक वेळी वर बघितले तेव्हा ते काठाने चालणाऱ्या प्रशिक्षकांकडेच पाहत होते. परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर गाडी थांबवायला लावली, समोर काढलेल्या दुधाचा पेला माझ्या हातात दिला आणि स्वतःचा संपवून मिशा पुसत म्हणाले, ‘माणूस बरा आहे. त्या लठ्ठ पोराचं कोपर आता वर राहतंय. पण पोरांचा खुराक कमी पडतोय, ते सांग त्याला.’